वास्तुविशारद कायदा १९७२ : बदल पाटीवरच्या नावात हवा की नकाशावरच्या सहीत?

जोत्याची_पातळी

वास्तुविशारद कायद्यात सुधारणा हवी असं कुणी म्हटलं की गाडी दर वेळी कलम ३७ वर येऊन थांबते. नोंदणी नसलेल्यांना नकाशे काढायला बंदी करा, एवढंच मागणं. मला ही मागणी चुकीच्या टोकाला धरलेली वाटते, म्हणून हा धागा.

कलम ३७ 'आर्किटेक्ट' हे बिरुद राखतं, काम राखत नाही. विधेयकासोबतच्या उद्देश व कारणांच्या निवेदनातच लिहिलं होतं की इमारतींचं डिझाइन आणि देखरेख करण्याचा एकाधिकार आर्किटेक्टना दिलेला नाही. इंजिनिअर वगैरे मंडळी हे काम पूर्वीसारखंच करू शकतील. मार्च २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मुकेश गोयल प्रकरणात हेच सांगितलं. मूळ मजकुरातली शिक्षाही पाहून घ्या: पहिल्या वेळी ५०० रुपयांपर्यंत दंड, पुढच्या वेळी सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा १००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. पाटी रंगवायला याहून जास्त खर्च येतो.

खरा घोळ आहे पालिकेत द्यायच्या प्रमाणपत्रांत. बांधकाम परवानगीच्या प्रकरणासोबत देखरेखीचा एक छापील नमुना जातो. आर्किटेक्ट, परवानाधारक इंजिनिअर किंवा सुपरवायझर त्यावर सही करतो. मथितार्थ असा : काम माझ्या देखरेखीखाली होईल, साहित्याचा प्रकार व दर्जा आणि कारागिरी तपशीलवार विनिर्देशांनुसार असेल, काम मंजूर नकाशाप्रमाणे होईल. भोगवटा प्रमाणपत्र मागताना दुसरा नमुना, तो आणखी कडक. काम माझ्या देखरेखीखाली पूर्ण झालं, साहित्य काटेकोरपणे विनिर्देशांनुसार वापरलं, आणि नियमातल्या कुठल्याच तरतुदीचा भंग झालेला नाही.

आता याच आर्किटेक्टचा मालकाशी झालेला करार उघडा. तो बहुतेक वास्तुविशारद परिषदेच्या (याच कायद्याने आर्किटेक्टची नोंदणी करणारी दिल्लीची संस्था) 'कंडिशन्स ऑफ एंगेजमेंट'वर, म्हणजे नेमणुकीच्या अटींवर, बेतलेला असतो. त्यात आर्किटेक्ट ठरावीक टप्प्यांवर साइटला भेट देईल, रोजच्या देखरेखीसाठी मालकाने स्वतःच्या खर्चाने क्लार्क ऑफ वर्क्स (साइटवर रोज देखरेख करणारा माणूस) किंवा बांधकाम व्यवस्थापन संस्था नेमावी, असं असतं. म्हणजे मालकाला सांगायचं 'मी अधूनमधून येईन' आणि पालिकेला लिहून द्यायचं 'सगळं माझ्या नजरेखाली झालं'. दोन्हीवर सही एकाच माणसाची.

त्यामुळे मी म्हणेन, बिरुदाचं राहू द्या. आधी सही फोडा. कोण कशाची हमी देतो ते वेगवेगळ्या कागदांवर येऊ द्या.

कलमबहाद्दर

धागा योग्य. दोन गोष्टी जोडतो.

एक, मुकेश गोयल निकाल अर्धाच सांगितला जातो. प्रकरण नोएडा प्राधिकरणाच्या पदोन्नती धोरणाचं होतं. न्यायालयाने काम करायला बंदी नाही असं सांगितलंच, पण ज्या पदाच्या नावात 'आर्किटेक्ट' आहे त्या पदावर नोंदणी नसलेला माणूस बसवता येणार नाही हेही सांगितलं. म्हणजे बिरुदाचं संरक्षण सरकारी आस्थापनेलाही लागू आहे. पालिका आणि प्राधिकरणांनी आपापल्या पदांच्या याद्या एकदा या नजरेने चाळायला हरकत नाही.

दोन, कलम ३९. कलम ३७ खाली गुन्हा घडला म्हणून तुम्ही-आम्ही उठून न्यायालयात गेलो तर दखल घेतली जाणार नाही. तक्रार केंद्र सरकारच्या आदेशाने किंवा परिषदेने अधिकार दिलेल्या व्यक्तीनेच करावी लागते. पुण्यातल्या खोट्या पाटीसाठी परिषदेने माणूस नेमायचा, त्याने इथल्या न्यायदंडाधिकाऱ्यांसमोर उभं राहायचं, आणि हाती काय, तर ५०० रुपये. म्हणून प्रकरणं नोटिशीवरच संपतात. दंड पाच लाख केला तरी कलम ३९ तसंच ठेवलं तर फरक पडणार नाही. तक्रारीचा अधिकार नियोजन प्राधिकरणालाही दिला तर पडेल, कारण खोटा नोंदणी क्रमांक पहिल्यांदा तिथल्याच टेबलावर येतो.

डेक्कन_ते_वारजे

आर्किटेक्ट लोकांच्या धाग्यात परवानाधारक इंजिनिअरने बोलावं का माहीत नाही, पण बोलतो.

कामाचा एकाधिकार मागणाऱ्यांनी धायरी, नऱ्हे, मांजरी, लोहगाव इथे एक-दोन गुंठ्यांवर घर बांधणाऱ्याचा हिशोब आधी मांडावा. त्याचं काम करतो कोण? डिप्लोमा किंवा पदवीवाला सिव्हिल इंजिनिअर. तोच मोजणी नकाशा आणायला भूमी अभिलेखमध्ये खेटे घालतो, सामासिक अंतरं बसवतो, जोता तपासणीला साइटवर उभा राहतो. यूडीसीपीआरने (राज्याची एकत्रित विकास नियंत्रण नियमावली) लहान भूखंडांची प्रक्रियाच सोपी केली आहे. १५० चौ. मी. पर्यंत जवळपास मालकाच्या घोषणेवर आणि शुल्काच्या पावतीवर काम सुरू होतं, १५० ते ३०० चौ. मी. पर्यंत तांत्रिक व्यक्तीच्या प्रमाणपत्रावर दहा दिवसांत परवानगी. तिथे 'फक्त आर्किटेक्ट' अशी अट घातली तर होईल एवढंच : नकाशा आम्हीच काढणार आणि सहीसाठी एका आर्किटेक्टला पाकीट जाणार. सही भाड्याने द्यायचा धंदा आजही आहे, उद्या त्याला कायद्याचं पाठबळ मिळेल.

आणि शिस्तीचं म्हणाल तर आमचा परवाना पालिका देते, पालिकाच काढून घेते. नोंदणीकृत आर्किटेक्टला पालिकेचा वेगळा परवाना लागत नाही, त्यामुळे चूक झाली तर पालिकेला दिल्लीच्या परिषदेकडे कळवावं लागतं. एकाच टेबलावर बसणाऱ्या दोघांना दोन न्याय.

मोजपट्टी

@डेक्कन_ते_वारजे, सही भाड्याने देण्याबद्दल शंभर टक्के सहमत. फक्त त्यावरचा उपाय वेगळा सुचवतो. ही सही ओळखायची कशी? तीन खुणा. नकाशांचा संच एका कार्यालयातून आणि सही दुसऱ्याची असेल तर मालक आणि आर्किटेक्ट यांच्यात नेमणूकपत्र किंवा करार नसतो, असलाच तर तारीख प्रकरण दाखल झालं त्याच दिवसाची. दुसरं, मानधन आर्किटेक्टच्या खात्यात मालकाकडून येत नाही, मधल्या माणसाकडून येतं. तिसरं, साइट भेटीची नोंदवही नसते. ऑनलाइन प्रकरण दाखल करताना करार जोडणं सक्तीचं केलं आणि जोता तपासणीच्या अर्जाला भेटींची नोंद जोडायला लावली तर निम्मी भाड्याची दुकानं आपोआप बसतील. यासाठी संसदेत जायची गरज नाही.

पण परिषदेच्या रचनेसाठी जावं लागेल, आणि मूळ दुखणं तिथेच आहे. कलम ३ वाचा. इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ आर्किटेक्ट्सने निवडलेले पाच आर्किटेक्ट. वास्तुकला महाविद्यालयांच्या प्रमुखांनी आपल्यातून निवडलेले पाच. एआयसीटीईचे (तंत्रशिक्षणाची केंद्रीय परिषद) दोन, इन्स्टिट्यूशन ऑफ इंजिनिअर्सचे दोन, सर्व्हेअर्सच्या संस्थेचा एक, केंद्राचा एक, केंद्रीय बांधकाम खातं, रेल्वे आणि संरक्षण खात्यातले पदसिद्ध, आणि प्रत्येक राज्य सरकारने नेमलेला एकेक. यात परिषदेच्या नोंदवहीतला साधा आर्किटेक्ट कुठे मत देतो? कुठेच नाही. इन्स्टिट्यूटचं सदस्यत्व ऐच्छिक आहे, नोंदणी सक्तीची. चार्टर्ड अकाउंटंट लोक आपल्या परिषदेचे बहुतांश सदस्य थेट मतदानाने निवडतात, कायदा १९४९ चा. आपण १९७२ मध्येही ते केलं नाही. ज्यांच्या नूतनीकरण शुल्कावर परिषद चालते त्यांनाच मत नाही, आणि मग 'परिषद काहीच करत नाही' म्हणून कट्ट्यावर कुरकुर.

सळई_बारा_एमएम

स्ट्रक्चरल वाल्याकडून थोडं.

तुम्ही निदान कायद्यावर भांडताय. आम्हाला देशपातळीवर कायदाच नाही. वकिलांना आहे, सीएंना आहे, आर्किटेक्टना आहे, इंजिनिअरला नाही. स्ट्रक्चरल इंजिनिअर म्हणून माझी ओळख काय, तर पदवी, अनुभव आणि पालिकेचा परवाना. एका शहराने परवाना काढला तर शेजारच्या प्राधिकरणात तो आपोआप निघत नाही. दोन्हीकडच्या याद्या जोडलेल्या नाहीत.

आता सही फोडायचीच तर कुठे फोडायची ते एका स्लॅबवर दाखवतो. समजा स्लॅबचं काँक्रीट ३० घनमीटर. काँक्रीटच्या भारतीय मानकातल्या, आयएस ४५६ : २००० च्या तक्त्याप्रमाणे १६ ते ३० घनमीटरला तीन नमुने. एका नमुन्याचे ताकद तपासायचे तीन ठोकळे, १५० मिमीचे, म्हणजे २८ दिवसांच्या चाचणीसाठी नऊ ठोकळे. सात दिवसांचा अंदाज हवा असेल तर वेगळे भरावे लागतात. प्रत्यक्षात काय चुकतं :

नमुने तीन वेगवेगळ्या गाड्यांतून न घेता पहिल्याच गाडीतून नऊ ठोकळे भरतात. ठोकळे साइटवर उन्हात पडून राहतात, पाण्याच्या टाकीत जात नाहीत. नाहीतर उलट, ठोकळ्यांना पाणी मिळतं आणि स्लॅबला मिळत नाही. पंपातून काँक्रीट सरकेना की कामगार पाणी घालतो, तेही ठोकळे भरून झाल्यावर. अहवाल मग छान येतो.

यातलं काय आर्किटेक्टला दिसतं? तो त्या आठवड्यात आला असेल तर सळई पाहून गेला असेल. तरी 'साहित्य काटेकोरपणे विनिर्देशांनुसार' यावर सही त्याची. माझ्याकडून वेगळं स्थैर्य प्रमाणपत्र घेतात, पण तेही डिझाइनवर. ओतकामाच्या वेळी साइटवर कोण होतं, ते नाव कुठल्याच कागदावर येत नाही. तोच माणूस नोंदणीकृत हवा आणि त्याची सही ओतकामाच्या कार्डावर हवी. कार्डावर तारीख, सुरू-बंद वेळ, घनमीटर, गाड्यांचे चलन क्रमांक, ठोकळ्यांचे क्रमांक, सळई तपासणाऱ्याचं नाव. एक पान पुरतं.

तात्पुरत्या कामांचंही तेच. खोदाईचा उभा काठ, सीमाभिंतीमागचा भराव, पाणी निघायची भोकं. कोंढव्यात २९ जून २०१९ ला सीमाभिंत मजुरांच्या झोपड्यांवर कोसळून १५ जण गेले. त्या घटनेत कोणाचा दोष ते न्यायालयाचं काम. पण आपला परवानगीचा संच आजही इमारतीभोवतीच फिरतो. शेजारच्या भूखंडात सहा मीटर खोदताना जुन्या भिंतीची पाहणी कोणी केली, याचा रकाना त्यात हवा.

फ्लॅट_४०२

मी तांत्रिक नाही, सोसायटीच्या समितीत आहे. पुनर्विकास चाललाय. सहकारी संस्था कायद्याच्या कलम ७९ (अ) खालच्या ४ जुलै २०१९ च्या शासन निर्णयात 'आर्किटेक्ट किंवा प्रकल्प व्यवस्थापन सल्लागार' असं आहे. आमच्यापुढे आलेले पीएमसी (महापालिका नव्हे, सल्लागार!) स्वतःला 'आर्किटेक्चरल कन्सल्टंट' म्हणवतात. हे चालतं का? आणि तपासायचं कसं?

मोजपट्टी

@फ्लॅट_४०२, सल्लागार असायला नोंदणी लागत नाही. 'आर्किटेक्चरल कन्सल्टंट' हे बिरुदाच्या कुंपणावर बसलेलं नाव आहे, त्यावर वाद घालण्यात तुमचा वेळ जाईल. त्याऐवजी हे करा.

ज्यांची सही नकाशावर येणार आहे त्यांचा नोंदणी क्रमांक मागा. तो 'सीए', मग तिरपी रेघ, नोंदणीचं वर्ष, पुन्हा रेघ आणि क्रमांक असा असतो. परिषदेच्या संकेतस्थळावर नावाने आणि क्रमांकाने शोधता येतो. नाव, क्रमांक आणि वैधतेची तारीख तिन्ही जुळवा, कारण नूतनीकरण चुकलेलं असू शकतं. मग सल्लागाराशी करार करताना त्या व्यक्तीचं नाव क्रमांकासह करारात घाला आणि तिची सही करारावर घ्या, नुसती सल्लागार कंपनीची नको. 'आमचे आर्किटेक्ट' असं मोघम लिहिलेलं मान्य करू नका. साइट भेटी किती आणि कोणत्या टप्प्यांवर, हेही लिहा : आखणी, पायाचं खोदकाम, जोता, प्रत्येक स्लॅबच्या सळया, वॉटरप्रूफिंगची पाणी चाचणी. शेवटची विसरू नका, भोगवटा मिळाल्यावर पहिल्या पावसाळ्यात सोसायटी तिच्यावरूनच भांडते.

कलमबहाद्दर

त्यात एक भर. करारात व्यावसायिक जबाबदारी विम्याचं कलम घाला. १९७२ चा कायदा हा विमा सक्तीचा करत नाही. ब्रिटनच्या नोंदणी मंडळाच्या आचारसंहितेत पुरेसा विमा असणं अपेक्षित आहे. आपल्याकडे पॉलिसी घेतली तरी लोक एका गोष्टीत फसतात. ही पॉलिसी बहुधा 'दावा केला त्या वेळी चालू' असावी लागते, चूक झाली त्या वेळी नव्हे. आज डिझाइन केलं, तीन वर्षांनी पॉलिसी बंद केली, पाचव्या वर्षी दावा आला, तर हाती काही नाही. म्हणून पूर्वलक्षी तारीख (जिच्या आधीच्या कामाला विमा लागू नाही) कोणती, आणि काम संपल्यावर किती वर्षं पॉलिसी चालू ठेवणार, हे दोन्ही लिहून घ्या. रेरात संरचनेतल्या दोषाची प्रवर्तकावरची जबाबदारी ताबा दिल्यापासून पाच वर्षांची आहे, तोच आकडा धरा.

नुकसानभरपाईबद्दल गैरसमज खूप आहे. परिषदेकडे गैरवर्तनाची तक्रार केली तर कलम ३० खाली चौकशी होऊन ताकीद, निलंबन किंवा नोंदवहीतून नाव काढणं एवढंच होऊ शकतं. पैसे मिळत नाहीत. पैशांसाठी ग्राहक आयोग किंवा दिवाणी न्यायालय. मोबदला ५० लाखांपर्यंत असेल तर जिल्हा आयोग, मुदत कारण घडल्यापासून दोन वर्षं. लोक परिषदेच्या उत्तराची वाट बघत बसतात आणि ही मुदत निघून जाते. दोन्हीकडे एकाच वेळी जा.

डेक्कन_ते_वारजे

आर्किटेक्ट बदलायचा असेल तर जुन्याची एनओसी लागते, हा प्रकार कुणीच काढला नाही अजून. फीवरून बिनसलं की जुना अडवून बसतो आणि काम सहा-सहा महिने थांबतं.

मोजपट्टी

१९८९ च्या व्यावसायिक वर्तन विनियमांत नव्या आर्किटेक्टने जुन्याला कळवावं असं आहे. कळवणं आणि परवानगी घेणं यात फरक आहे. टेबलावर मात्र 'एनओसी आणा' हेच ऐकू येतं. व्यवहारातला मार्ग : जुन्याला नोंदणीकृत टपालाने नोटीस, देय रकमेचा हिशोब, वाद असेल तर तसं स्पष्ट लिहिणं, पोच, आणि जुन्याच्या देखरेखीखाली काम कुठपर्यंत आलं त्याचा फोटोंसह पंचनामा. शेवटचं सगळ्यात महत्त्वाचं. नाहीतर नवा आर्किटेक्ट पूर्णत्वाच्या प्रमाणपत्रावर जुन्याच्या काळातल्या स्लॅबचीही हमी देऊन बसतो. पुन्हा तोच नमुना, पुन्हा तीच सही.

जोत्याची_पातळी

चर्चा चांगली रंगली. आता कुठला बदल कुठे मागायचा ते बोलू, नाहीतर सगळं दिल्लीवर ढकलून आपण मोकळे.

कलम ३ (परिषदेची रचना), ३० (शिक्षा), ३७ आणि ३९ यांना संसद लागते. व्यावसायिक वर्तनाचे विनियम परिषद केंद्राच्या मंजुरीने बदलू शकते. विमा आणि सततचं प्रशिक्षण याच वाटेने आणायचा प्रयत्न करता येईल. प्रशिक्षणाचं केंद्र तर परिषदेने पुण्यातच चालवलं आहे. नोंदणीपूर्व परीक्षेचा मुद्दा मी मुद्दाम बाजूला ठेवतोय. अमेरिकेत ३,७४० तासांचा नोंदवलेला अनुभव आणि सहा विभागांची परीक्षा असते, आपल्याकडे पदवी झाली की नोंदणी. त्यावर स्वतंत्र धागा काढा, तिथे महाविद्यालयंही येतील आणि २०१९ चा कोल्हापूरच्या महाविद्यालयाचा सर्वोच्च न्यायालयातला निकालही येईल. त्यात वास्तुकला शिक्षणावर एआयसीटीईचं नव्हे, परिषदेचं चालेल असं ठरलं.

देखरेखीचे आणि पूर्णत्वाचे नमुने मात्र राज्याच्या हातात आहेत. ते यूडीसीपीआरची परिशिष्टं आहेत. डिसेंबर २०२० मध्ये नियमावली आली ती एमआरटीपी (महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना) कायद्याच्या कलम ३७ च्या वाटेने, आणि फेरबदलही त्याच वाटेने होतात : सूचना प्रसिद्ध, हरकती-सूचना, सुनावणी, अंतिम अधिसूचना. (इथेही कलम ३७ च! पण हे ३७ आपल्या आवाक्यातलं आहे.)

माझा कच्चा मसुदा. पूर्णत्वाच्या वेळी एकाऐवजी चार कागद :

अ) आर्किटेक्ट किंवा परवानाधारक इंजिनिअर : बांधकामाची जागा, मापं, सामासिक अंतरं, उंची, वापर, पार्किंग मंजूर नकाशाप्रमाणे. भेटींच्या तारखा सोबत.
आ) स्ट्रक्चरल इंजिनिअर : डिझाइन आणि डिझाइनमधले बदल.
इ) साइट इंजिनिअर : साहित्य, कारागिरी, ओतकामाची कार्डं, चाचणी अहवाल.
ई) मालक किंवा विकसक : वरील तिघांना नेमलं होतं, त्यांचं मानधन मी दिलं, आणि त्यांच्या लेखी सूचना पाळल्या.

सळई_बारा_एमएम

'ई' मधलं 'पाळल्या' पुरेसं नाही. न पाळलेल्या सूचनांची यादी कारणांसह द्यायला लावा. नाहीतर सगळे 'पाळल्या' लिहून मोकळे होतील. आणि 'इ' मध्ये साइट इंजिनिअर मध्येच नोकरी सोडून गेला तर? कार्डावर त्या-त्या वेळच्या माणसाची सही हवी, शेवटी आलेल्याची सगळ्यावर नको. नाहीतर मोजपट्टींनी सांगितलेला जुन्या-नव्या आर्किटेक्टचा घोळ एक पायरी खाली जाऊन बसेल.

कलमबहाद्दर

'अ' मध्ये 'प्रमाणपत्र देतो' याच्यापुढे 'भेटींच्या वेळी दिसून आलेल्या स्थितीच्या आधारे' असं घाला. पण तेवढंच घातलं तर प्रत्येक जण दोन भेटी दाखवून सुटेल. म्हणून किमान भेटींचा तक्ता परिशिष्टातच द्या. तळमजला अधिक पाच मजल्यांना कोणत्या भेटी आणि अकरा मजल्यांना कोणत्या, ते मोजपट्टी आणि सळई यांनी मिळून लिहावं. हरकतीचं पत्र मी कायदेशीर भाषेत बसवून देतो.

डेक्कन_ते_वारजे

तक्त्यात ३०० चौ. मी. खालच्या भूखंडांचा रकाना वेगळा ठेवा. तिथे तीन भेटी बस झाल्या : आखणी, जोता, शेवटचा स्लॅब भरायच्या आधी. त्याहून जास्त लिहिल्या तर कोणी जाणार नाही आणि तारखा टेबलावर बसून भरल्या जातील.